शेवटच्या बाकावरून

पावसाळा ओसरत आला की आमच्या शाळेत सरावाचे पाठ घ्यायला बी.एड.ची मुलं येतात. मुलं म्हणायचं, पण त्यांत मुलीच जास्त, आणि त्यातल्याही बऱ्याच जणी लग्न झालेल्या, लेकरू सासूच्या ओटीत देऊन आलेल्या. कॉलेजने ठरवून दिलेल्या रंगाच्या साड्या, कडक इस्त्रीचे शर्ट, काखेत गुंडाळलेले तक्ते. परिपाठाच्या वेळी मुख्याध्यापक त्यांचं स्वागत करतात आणि लगेच स्टाफरूममध्ये ओढाताण सुरू होते. कारण उघड आहे. ज्याच्या वर्गावर पाठ लागला, त्याचा तास सुटला. कोणी मतदारयादीचं काम उरकून घेतो, कोणी सरकारच्या यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरतो, कोणी सरळ चहाला जातो. नियमाप्रमाणे त्या विषयाच्या शिक्षकाने वर्गात मागे बसून पाठ पाहायचा असतो आणि टाचणाच्या वहीत शेरा लिहायचा असतो. होतं असं की वही मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये येते, 'पाठ चांगला झाला, फलकलेखन सुवाच्य' एवढं लिहून घेते आणि परत जाते.

मी मागे बसते. त्यात कर्तव्यदक्षता वगैरे काही नाही, मला ते आवडतं. एरवी वर्षभर मी ज्या वर्गाकडे तोंड करून उभी असते, तो वर्ग पाठीमागून वेगळाच दिसतो. पुढून माना डोलावणारी मुलं मागून पाहिली की बाकाखाली काय काय चाललेलं असतं ते कळतं. आणि फळ्यापाशी उभा असलेला तो नवखा जीव सहा मिनिटांत सत्तर मिनिटांचा घाम गाळत असतो.

टाचण ही काय चीज आहे हे ज्यांनी बी.एड. केलेलं नाही त्यांना सांगायला हवं. एका पाठाचं टाचण म्हणजे सात-आठ पानं. वर विषय, घटक, उपघटक, इयत्ता, दिनांक. मग उद्दिष्टं आणि त्यांची स्पष्टीकरणं: 'विद्यार्थी स्मरण करतो', 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो', 'विद्यार्थी उदाहरण देतो'. सगळं वर्तमानकाळात, जणू विद्यार्थ्याने आधीच मान्य केलंय. पुढे रकाने. शिक्षककृती, विद्यार्थीकृती, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, मूल्यमापन. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात मुलं काय उत्तर देतील तेही आदल्या रात्रीच लिहून ठेवायचं. आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, बी.एड. एका वर्षाचं होतं आणि या वह्यांची चळत खोलीच्या कोपऱ्यात छातीइतकी व्हायची. मागच्या वर्षीच्या मुलींच्या वह्या वारसाहक्काने मिळत. हेतुकथन तेच, प्रस्तावनेचे प्रश्न तेच. 'तुम्ही सकाळी उठल्यावर काय करता?' या प्रश्नापासून निघून अडीच मिनिटांत हडप्पा संस्कृतीच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेपर्यंत पोहोचायचं असे.

सूक्ष्म अध्यापन हा त्याहून मोठा विनोद. साठच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हे तंत्र निघालं, आपल्याकडे आलं आणि इथे त्याचं छत्तीस मिनिटांचं चक्र पक्कं झालं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणं, बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त चेतक बदल, म्हणजे हालचाल, हावभाव, विराम यांनी वर्गाचं लक्ष धरून ठेवणं, परवा फक्त प्रबलन, म्हणजे 'शाब्बास', 'छान', 'अगदी बरोबर' हे योग्य जागी म्हणणं. समोर विद्यार्थी म्हणून बसणार आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी. पंचविशीतल्या, पदवीधर, एक तर चक्क पोस्टातली नोकरी सोडून आलेली, आणि त्यांनी सातवीतल्या मुलांसारखं वागायचं. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. निरीक्षक मात्र गंभीरपणे तक्त्यावर खुणा करत बसलेले. 'हालचाल: चार. हावभाव: दोन. विराम: शून्य.'

ते शून्य मला अजून आठवतं. मी बोलताना थांबतच नव्हते. प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न. हे मला तोपर्यंतच्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं, सांगण्याचा प्रश्नही आला नव्हता. निरीक्षक बाईंनी दुसऱ्या फेरीआधी एवढंच सांगितलं, 'प्रश्न विचारल्यावर मनात पाच मोजायचे.' ते हास्यास्पद छत्तीस मिनिटांचं चक्र माझ्या हाती एवढी एक गोष्ट देऊन गेलं आणि ती आजही रोज कामाला येते.

थट्टा करायची तेवढी करून झाल्यावर माझं म्हणणं सांगते. शिक्षक होण्याच्या आजच्या लांबलचक वाटेवर माणसाला प्रत्यक्ष शिकवताना कोणीतरी बघतं, अशी ही एवढीच जागा उरली आहे. बाकीच्या सगळ्या चाळण्या त्याला बसवून, कागदावर किंवा संगणकावर गोळे काळे करायला लावून होतात. दुचाकीच्या लायसनसाठीसुद्धा आठचा आकडा काढून दाखवावा लागतो.

मागच्या एका वर्षी नववीच्या वर्गावर एका छात्राध्यापिकेचा व्याकरणाचा पाठ होता. प्रयोग. तक्ता सुंदर केला होता, तीन रंगांत कर्तरी, कर्मणी, भावे. नियम फळ्यावर: कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत, क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. उदाहरण, 'रामाने आंबा खाल्ला.' वर्ग खूश, तीही खूश, विद्यार्थीकृतीच्या रकान्याप्रमाणे सगळं घडत होतं. मग उजवीकडच्या रांगेतला एक पोरगा उठला. हा पोरगा एरवी माझ्या तासाला खिडकीबाहेर बघतो.

"मॅडम, 'मी आंबा खाल्ला' ह्यो कंचा?"

"कर्मणी."

"पण 'मी'ला 'ने' कुठाय? कर्ता तृतीयेत पायजे म्हणालात की."

वर्ग एकदम जागा झाला. मी मागे वही मांडीवर घेऊन सावरून बसले. हा प्रश्न चांगल्या चांगल्यांना अडकवतो. मराठीत 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांची प्रथमा आणि तृतीया दिसायला एकच. प्रत्यय शोधत बसणारं मूल तिथे हमखास 'कर्तरी' म्हणतं, आणि नियम जसा फळ्यावर लिहिला होता त्या हिशेबाने त्याचं चूकही नसतं. आता ही मुलगी काय करणार? 'ते अपवाद आहेत, पाठ करा' म्हणून मोकळी होईल? की 'खाली बस, मध्ये बोलू नको'? दोन्ही मी पाहिलेलं आहे.

ती गप्प राहिली. मी मनातल्या मनात मोजत होते. मग तिने खडू उचलला आणि 'मी आंबा खाल्ला'च्या खाली लिहिलं, 'मी चिंच खाल्ली.' त्याखाली, 'मी बोर खाल्लं.' आणि त्या पोरालाच विचारलं, "बदललं काय? तू बदललास का?"

"न्हाई. मी त्योच हाय."

"मग 'खाल्ला'चं 'खाल्ली' कुणामुळं झालं?"

"चिंचंमुळं."

"मग क्रियापद कुणाचं ऐकतंय?"

पोरगा खाली बसला तो हसतच. 'मी'चा 'ने' कुठे गेला हा भाग तिने उद्यावर ढकलला, तेही बरं केलं. एका तासाला एवढं पुरे. तक्ता, तीन रंग, हेतुकथन सगळं विसरून ती तेवढी दोन मिनिटं शिक्षिका झाली होती. टाचणात यातलं अक्षरही नव्हतं. तिला प्रयोग येत होते, हे एक. नववीतल्या पोराला ते कुठे अडतात हे तिच्या लक्षात आलं, हे दुसरं. आणि उत्तर न सांगता कर्म बदलून दाखवलं की त्याचं त्याला उमगेल, हे तिसरं. बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'आशययुक्त अध्यापन' नावाचा जो कंटाळवाणा विषय असतो, तो खरं तर याच दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीविषयी आहे. विषय येणं वेगळं आणि तो विषय विशिष्ट वयाच्या मुलाला कुठे बोचतो ते कळणं वेगळं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं आणि जगभर त्यावर ग्रंथांमागून ग्रंथ आले. आमच्या नववी ब मध्ये ते चिंचेवर भागलं.

मी वहीत पानभर लिहिलं. तिला काय वाटलं माहीत नाही. अंतर्गत गुणांत त्या पाठाचा वाटा किती, तर नगण्य.

आता शिक्षक होण्याच्या बाकीच्या वाटेकडे बघू. बी.एड.ला प्रवेश मिळवायचा तर राज्याची सीईटी: मानसिक क्षमता, सामान्यज्ञान, शिक्षक अभियोग्यता. मग दोन वर्षं बी.एड. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० ला अधिसूचना काढली आणि पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही पात्रता परीक्षा लागू झाली. आपल्या राज्यात पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास, नव्वद गुण मिळाले की पात्र, राखीव प्रवर्गांना सवलत. निकाल अनेकदा एकेरी टक्क्यांत. एवढं करून तुम्ही फक्त पात्र. नोकरीसाठी पुन्हा टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जी डिसेंबर २०१७ पासून सुरू झाली: दोनशे प्रश्न, दोन तास, संगणकावर. त्यात अभियोग्यतेला एकशेवीस आणि बुद्धिमत्तेला ऐंशी गुण. मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, नोंदणी, प्राधान्यक्रम, आरक्षणाची बिंदुनामावली, याद्या, न्यायालयातल्या याचिका आणि वाट पाहणं. यादीत नाव लागलंच तर तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, ठरावीक मानधन. त्याचं मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार झालं. त्याआधी अकरा-एक वर्षं ते सहा, आठ आणि नऊ हजारांवर थिजलेलं होतं.

टीईटी आणि टेट. नावं एवढी जवळची की आईवडिलांना फरक समजावून सांगता सांगता मुलींचा जीव जातो. 'आत्ता तर पास झालीस म्हणालीस की गं?'

या वाटेवरची मुलगी बी.एड. संपल्यावर कुठे जाते? पुण्यात सदाशिव पेठेत, नाहीतर तालुक्याच्या एखाद्या अभ्यासिकेत. सकाळी सात ते रात्री दहा. घड्याळाच्या काट्यांमधला कोन, आरशातली प्रतिमा, वेन आकृत्या, 'अ हा ब च्या मामाच्या बहिणीचा कोण'. बालमानसशास्त्राचे प्रश्नही असतात. पियाजेच्या अवस्थांचा क्रम लावा, व्हायगॉट्स्कीची संकल्पना ओळखा. ते वाईट नाही, माहीत असायला हवं. पण त्या दीडशे आणि दोनशे प्रश्नांत कुठेही कोणी उठून 'मी'ला 'ने' कुठाय असं विचारत नाही. जास्तीत जास्त, पुढीलपैकी कर्मणी प्रयोगाचं वाक्य कोणतं, असं विचारलं जातं आणि चार पर्याय दिले जातात.

हे वाचून कोणाला वाटेल की बाई जुन्या काळाचे गोडवे गाणार. तसं करायला माझी जीभ धजणार नाही, कारण या परीक्षा आल्या त्या कशामुळे ते मी जवळून पाहिलंय. आमच्या पिढीत नोकरीला लागायचं म्हणजे संस्थेत मुलाखत. मुलाखतीत पाठही घेत. आणि पाठ संपल्यावर शेजारच्या खोलीत आकडा सांगत. माझ्याबरोबर बी.एड. झालेल्या कित्येकांच्या घरची जमीन गेली, बायकांचे दागिने गेले. 'देणगी' हा शब्द उच्चारायचा नाही, 'इमारत निधी' म्हणायचं. पाठ कसा झाला याला त्या बाजारात काडीची किंमत नव्हती. ज्याने पैसे भरले त्याचा पाठ उत्तम. म्हणूनच संगणक आला. संगणक मेहुणा नसतो, त्याला इमारत बांधायची नसते. एका शेतमजुराची मुलगी पवित्र पोर्टलवरून रुपया न देता जिल्हा परिषदेत लागली, हे मी पाहिलेलं आहे आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.

अर्थात संगणकावर आणि उत्तरपत्रिकेवर विसंबावं तर तिथेही माणसं पोहोचतात. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघड केलं. परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे प्रमुखच अटकेत गेले आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची पात्रता रद्द झाली. इमारत निधी गेला, त्याच्या जागी उत्तरपत्रिकेतले रिकामे गोळे आले.

गंमत अशी की पवित्र पोर्टलमध्येही पाठ एका कोपऱ्यात जिवंत आहे. खासगी संस्थांना 'मुलाखतीशिवाय' आणि 'मुलाखतीसह' असे दोन पर्याय असतात. मुलाखतीसह म्हटलं की तीस गुण संस्थेच्या हातात आणि त्यात अध्यापनकौशल्य बघायची मुभा. म्हणजे उमेदवाराला शिकवताना बघण्याची व्यवस्था नेमकी तिथेच ठेवली आहे, जिथे बघणाऱ्यावर कोणाचाही विश्वास नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत, जिथे देणगीचा प्रश्न नाही, तिथे मात्र उमेदवाराने खडू हातात धरून दाखवायची गरज नाही. मी हे आमच्या मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला नको तिथे तर्क सुचतो."

शिकवताना कोणीतरी बघायचं आणि दुरुस्त करायचं, ही कल्पना आपल्याकडे काही कालची नाही. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यापुढे अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांचं अध्यापनाचं प्रशिक्षण झालं, ते आपण पटकन ओलांडून जातो. १८४८ च्या शाळेत उभी राहिलेली बाई प्रशिक्षित शिक्षिका होती. पुढे १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं, माध्यमिक शिक्षकांसाठी. प्राथमिकचे मास्तर व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, होऊन नोकरीला लागत आणि मग सरकार त्यांना पगारी ट्रेनिंगला पाठवी. माझे आजोबा त्यांपैकीच. ट्रेनिंग कॉलेजला जोडून सराव शाळा असे आणि तिथले जुने मास्तर नव्यांचे पाठ पाहून भर वर्गात कान उपटत. आजोबांच्या नोकरीत पुढेही कोणीतरी बघायचं. वर्षाची तपासणी यायची, 'दिपोटी' म्हणजे डेप्युटी साहेब घोड्यावरून नाहीतर सायकलवरून यायचे, मुलांना उभं करून वाचायला लावायचे आणि मनात आलं तर मास्तरांना बाजूला सारून स्वतःच गणित शिकवायचे. त्यात धाक होता, लाचारी होती, कोंबडीही कापली जायची. पण साहेब वर्गात यायचा. आता आमच्याकडे अधिकारी आले की कार्यालयात बसतात आणि नोंदवह्या मागवतात. माझ्या नोकरीत मला आठवतंय तसं बाहेरच्या कोणी माझा अख्खा तास बसून पाहिला, असं फार क्वचित घडलं आहे.

मग ही वाट इतकी विस्कटली कशी, याचं एक उत्तर आपल्याच राज्यात आहे. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत डी.एड.चं पीक आलं. बारावी झाली की दोन वर्षांत मास्तर, म्हणून गावागावांत अध्यापक विद्यालयं उघडली. आमच्या तालुक्यात एक तर कांद्याच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर होतं. राज्य सरकार नको म्हणत असताना राष्ट्रीय परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने मान्यता वाटल्या, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रश्न महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. महाविद्यालयांचा होता. न्यायालयाने २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. २०१२ चा त्याचा अहवाल देशभरातल्या शिक्षक-शिक्षणाची लक्तरं वेशीवर टांगणारा होता. या २९१ पैकी बहुतेक निकषांत बसत नाहीत, हे तर निघालंच. त्यातून २०१४ चे नवे नियम आले आणि २०१५ पासून बी.एड. सगळीकडे दोन वर्षांचं झालं. कन्याकुमारीच्या पोरीला आज बी.एड.ला दोन वर्षं लागतात, त्याचा एक धागा आमच्याकडच्या त्या वखारीपर्यंत येतो. आता त्यातली बरीच विद्यालयं बंद पडली, उरलेल्यांत जागा रिकाम्या.

दोन वर्षं केली याचा एक फायदा मी मान्य करते. शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला वीस आठवडे मिळाले. आमच्या वेळचा छात्रसेवाकाल म्हणजे सहल होती. आता मुलं इतके दिवस राहतात की त्यांना वर्गातल्या पोरांची नावं कळतात, कोणाचा बाप ऊसतोडीला गेलाय ते कळतं. पण शाळा काय करते? रिकाम्या पदांवर त्यांना फुकटचे मास्तर म्हणून उभं करते. दिवसाला पाच-पाच तास, मागे कोणी नाही. ज्यांना पाहायचं ते आम्ही तेवढ्यात यू-डायस भरतो. आणि काही कॉलेजं अशीही आहेत, जिथली मुलं शाळेत येतच नाहीत, फक्त शेवटी शिक्का आणि सही न्यायला येतात. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा सही नाकारली, तर दुसऱ्या दिवशी त्यांना तीन ठिकाणांहून फोन आले.

नव्या धोरणातला चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणि पुन्हा एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा, याबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. वर्षं वाढतात, कमी होतात. मागचा बाक रिकामाच असेल तर चार काय आणि एक काय.

दोन न्यायनिवाड्यांबद्दल मात्र म्हणायचं आहे, कारण दोन्हींनी आमच्या स्टाफरूममध्ये भांडणं लावली. पहिला ११ ऑगस्ट २०२३ चा. राष्ट्रीय परिषदेने २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमाच्या अटीवर पहिली ते पाचवीचं दार उघडलं होतं. राजस्थानातून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. बी.एड.वाले चिडले: आम्ही पदवीधर, आणि पहिलीला शिकवू शकत नाही? मी स्वतः बी.एड.वाली, पण निकाल बरोबर वाटतो. पहिलीतल्या मुलाला 'क' आणि 'फ' यांतला फरक का दिसत नाही, बोट कुठे धरायचं, रडणारं मूल बाकावरून कसं उतरवायचं, यातलं मला काहीही शिकवलेलं नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आयुष्यं घालवली ती याच गोष्टीत. लहान मुलांना शिकवणं हे मोठ्यांना शिकवण्याचं सोपं रूप आहे हा समज पदवीवाल्यांच्या डोक्यातून जाता जात नाही.

दुसरा निवाडा १ सप्टेंबर २०२५ चा, आणि त्यात महाराष्ट्रही पक्षकार होता. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी व्हायचं, नाहीतर घरी जायचं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसांनी पियाजेच्या अवस्था पाठ करायला घेतल्या. मोर्चे निघाले. चूक-बरोबर ठरवायला मी कोण, पण एक गोष्ट मला खटकते. या माणसांना शिकवता येतं की नाही हे शोधायला पंचवीस वर्षं होती. रोज सहा-सात तास ते मुलांसमोर उभे होते. शिक्षणसेवकाची तीन वर्षं तर खास त्यासाठीच ठेवल्यासारखी, पण ती संपताना काम समाधानकारक असल्याचा एक शेरा लागतो आणि तो कोण कशावरून लिहितो हे सर्वांना माहीत आहे. त्या तीन वर्षांत दर सत्राला बाहेरच्या दोन अनुभवी शिक्षकांनी, ज्यांचा संस्थेशी संबंध नाही, येऊन दोन तास बघावं आणि लिहून द्यावं, एवढं केलं असतं तर? खर्च एसटीच्या तिकिटांचा. मी हे एका प्रशिक्षणात बोलले. साधनव्यक्तींनी छान मुद्दा म्हणून टिपून घेतला आणि पुढची स्लाइड लावली.

आमच्याकडे गणिताचे एक सर आहेत. आठवीपर्यंतचे तास, निवृत्तीला आठ वर्षं. त्यांना टीईटी द्यायची आहे आणि बालमानसशास्त्राचे तीस गुण त्यांना छळतायत. परवा त्यांनी मला विचारलं, रोज अर्धा तास समजावून सांगाल का. मी म्हटलं सांगेन, पण फी पडेल. एकदा तुमच्या तासाला मागे बसू द्यायचं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, दिपोटी झालात काय?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "बसा. पण मग मीबी तुमच्या तासाला बसणार."

"बसा की."

"कुठला तास?"

मला सकाळचा पहिला सांगायचा मोह झाला होता. पण म्हटलं, बुधवार, नववी ब, पाचवा. खिचडी झाल्यावरचा.

"चालतंय," सर म्हणाले, आणि वेळापत्रकात त्यांचा स्वतःचा तास त्या वेळी आहे का ते बघायला उठले.